संगीत नाटकाच्या मंडळात जायचंय, गायला जाऊ की पडद्यामागे? (परभणी)

सांजवेळ (परभणी)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथं नुसतं वाचते, आज पहिल्यांदाच धागा काढायलेय, जरा लांबण लागंल, सांभाळून घ्या.

वय ४४, जिल्हा परिषदेत नोकरी, माहेर गंगाखेडचं. जनाबाईचं गाव, त्यामुळं आमच्या घरात गाणं म्हणजे अभंगच, आई दळण निवडता निवडता म्हणायची आणि आम्ही मागं. शाळेत असताना प्रवेशिका पूर्णपर्यंत परीक्षा दिल्या, मग लग्न, बदल्या, दोन लेकरं, आणि गाणं राहिलं ते गल्लीतल्या भजनी मंडळापुरतं.

मागच्या आठवड्यात कॉलनीच्या ग्रुपवर मेसेज आला की इथलं एक हौशी मंडळ संगीत सौभद्र (अर्जुन-सुभद्रेच्या लग्नाचं जुनं संगीत नाटक) बसवायलंय, गाणारी माणसं पाहिजेत, बॅकस्टेजलाही माणसं पाहिजेत, मानधन नाही, तालीम रात्री साडेआठ ते अकरा, साधारण तीन महिने. तो मेसेज वाचल्यापासून जीव थाऱ्यावर नाही. तीनदा नंबर डायल केला आणि कट केला. कारण नाटकात मी कधी उभी राहिले नाही, शाळेच्या गॅदरिंगला पण मागं कोरसमध्येच. भजनाचा गळा नाटकाला चालतो का? निवड कशी करतात, तिथं नेमकं काय म्हणायला लावतात? का सरळ पडद्यामागं नाव द्यावं, म्हणजे निदान ते गाणं जवळून ऐकायला तरी मिळंल? ज्यांनी केलंय त्यांनी खरं खरं सांगा. घरी अजून बोलले नाही.

मोंढ्यावरचा (जालना)

ताई जा. विचारत बसाल तर सौभद्र होऊन जाईल आणि तुम्ही इथं धागाच वाचत बसाल. मी आडतीवर बसणारा माणूस, गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, सात वर्षं झाली आमच्याकडच्या मंडळात दारावर तिकीट फाडतो आणि खुर्च्या लावतो. मला विचाराल तर वर्षातले सगळ्यात चांगले दिवस तेच.

पायपेटी (नांदेड)

ताई, मी ३० वर्षं ऑर्गनवर साथ करतोय, नांदेड, परभणी, लातूर इकडच्या हौशी मंडळांत मोप प्रयोग केले, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आधी निवडीचं. तुम्हाला वाटत असंल की तिथं कुणी तान मारायला लावंल, राग ओळखायला सांगंल. तसं काही नसतं हो. आम्ही तीन गोष्टी बघतो. एक, सूर दिला की माणूस त्या सुरावर किती लवकर येऊन बसतो. दोन, शब्द शेवटच्या रांगेत कळतात का. आणि तिसरी, जी बऱ्याच जणांना येत नाही, चालता चालता गाता येतं का. बैठकीत मांडी घालून, डोळे मिटून, हाताला तानपुरा असताना सुरेल गाणारी चांगली चांगली माणसं उभं करून चार पावलं टाकायला लावली की डळमळतात, श्वास कुठं घ्यावा तेच कळत नाही. त्यामुळं जायच्या आधी आठ दिवस घरात चालता चालता, भांडी लावता लावता एक अभंग पूर्ण म्हणत जा, एवढीच तयारी करा.

भजनाचा गळा चालतो का? चालतो म्हणजे काय, आम्हाला तोच पाहिजे असतो. भजनात माणूस मोकळ्या गळ्यानं गातो, शब्द लपवत नाही, पखवाजावर लय पक्की झालेली असते. फक्त एक अडचण येते तेवढी लक्षात ठेवा. भजनात तुम्ही ओळ टाकली की मागचे उचलतात, तेवढ्यात तुमचा दम भरून निघतो. नाटकातल्या पदात मागं कोणी नाही. सगळ्या ओळी तुमच्याच, दमाची जागा तुम्हालाच शोधायची, आणि ती पण अशी की अर्थ तुटला नाही पाहिजे.

आणि एक गोष्ट जी पुस्तकात सापडत नाही. गद्यातून पदात शिरायचं कसं. नवीन माणूस वाक्य संपवतो, थांबतो, घसा साफ करतो आणि मग गायला लागतो, तिथंच प्रेक्षक सुटतो. जमलेला नट काय करतो, पदाच्या आधीची दोन वाक्यं हळूहळू षड्जाच्या, म्हणजे आपल्या 'सा'च्या, आसपास आणत जातो, म्हणजे बोलणं कधी संपलं आणि गाणं कधी सुरू झालं ते समोरच्याला कळतच नाही. आम्ही ऑर्गनवाले त्याच दोन वाक्यांच्या खाली एकदम बारीक सूर सोडून ठेवतो. दोन्ही पाय पायट्यावर इतके हळू चालवायचे की रीड नुसती जागी व्हावी. प्रेक्षकाला तो सूर ऐकू येत नाही, पण विंगेपासून रंगमंचाच्या मध्यापर्यंत गाणाऱ्याच्या कानात तो असतो. तुम्ही पहिल्या तालमीपासून त्या बारीक सुराकडं कान ठेवायची सवय लावा. बाकी सगळं आम्ही सांभाळतो.

काळी_चार (संभाजीनगर)

पायपेटी काकांनी सगळं सांगितलं, मी फक्त पट्टीचं सांगते कारण मी त्यात पोळलेय.

सांजवेळ ताई, पहिल्याच दिवशी आपली पट्टी (पेटीची ज्या पट्टीला आपला 'सा' धरून गातो ती) मोठ्यानं सांगा आणि त्यावरून हटू नका. बायकांची साधारण काळी चार किंवा पांढरी पाच असते, पुरुष बहुतेक काळी एकच्या जवळपास. माझी काळी चार. एका मंडळात (नाव घेत नाही) माझ्या आधी जी नायिका होती ती काळी पाचमध्ये गायची आणि सगळी पदं तिच्याच पट्टीत बसवलेली. मी नवीन, बोलायला लाजले, म्हणलं आपणच जमवून घेऊ. दोन महिने रोज वर ताणून गायले. प्रयोगाच्या पंधरा दिवस आधी आवाज बसला तो बसलाच, सकाळी उठल्यावर लेकीला हाक मारता येईना. डॉक्टरनी पंधरा दिवस मौन सांगितलं आणि माझं काम दुसरीला गेलं. तिच्यासाठी मग पट्टी उतरवली, एका दिवसात उतरवली. मी विंगेत उभी राहून ऐकलं सगळं. राग नाही आता, पण त्या वेळी मी तोंड उघडायला पाहिजे होतं.

द्वंद्वगीत असलं तर अजून घोळ. पुरुष काळी एकमध्ये आणि तुम्ही काळी चारमध्ये, एकाच षड्जावर दोघांना गायला लावलं तर एक जण मरतो. अशा वेळी त्याच्या मध्यमाला ('म'ला) तुम्ही षड्ज धरायचा. काळी एकचा मध्यम म्हणजे काळी तीन, म्हणजे तुम्हाला दोनच पट्ट्या खाली यावं लागतं, तेवढं जमतं. हे ऑर्गनवाल्याला बरोबर कळतं, पण विचारावं लागतं.

स्पष्टच_सांगतो (बीड)

सगळे जा जा म्हणायलेत म्हणून दुसरी बाजू पण लिहितो, ताईंना नाउमेद करायचं नाही पण डोळे उघडे ठेवून जावं. मी चार वर्षं एका मंडळात होतो, खिशातले पैसे घालून. शेवटच्या प्रयोगाला मोजून ४० माणसं, त्यातली निम्मी कलाकारांच्या घरची. ऑर्गन भाड्यानं बाहेरून आणायचा, तबलजी बाहेरून, रंगभूषाकार बाहेरून, आणि समोर रिकाम्या खुर्च्या. संगीत नाटक हे पुणे, सांगली, गोवा इकडच्या लोकांचं. आपल्याकडं तो कान नाही, तो प्रेक्षक नाही. मला ते फार लागलं म्हणून सोडलं. कुणाला वाईट वाटलं तर माफी.

पायपेटी (नांदेड)

स्पष्टच_सांगतो भाऊ, रिकाम्या खुर्च्यांचं दुःख मला माहीत आहे, त्यावर वाद घालणार नाही. ४० माणसांपुढं मी पण वाजवलंय. पण आपल्याकडं कान नाही हे मी मान्य करणार नाही, कधीच नाही.

किर्लोस्करांनी पुण्यात शाकुंतल केलं १८८० ला, सौभद्र १८८२ चं. तेव्हा आपला मराठवाडा निजामाच्या राज्यात, १९४८ पर्यंत. तिकडं जे सहज उभं राहिलं ते इकडं उशिरा आलं, थिएटरं उशिरा आली, हे खरं. पण बोलता बोलता गाणं आणि गाता गाता बोलणं ही गोष्ट आपल्याला कुणी शिकवायची? कीर्तनकार काय करतो? निरूपण करता करता अभंगाच्या चरणावर येतो, टाळकरी उचलतात, परत बोलायला लागतो. पैठणच्या नाथांनी भारुडं लिहिली, त्यात माणूस सोंग घेऊनच गातो ना, कधी जोशी, कधी वेडी, कधी महारीण. साडेचारशे वर्षं झाली त्याला. नर्सीचे नामदेव आपले, गंगाखेडच्या जनाबाई आपल्या. आणि शास्त्रीय गाण्याचं म्हणाल तर नाथराव नेरळकर नांदेडचेच, औरंगाबादेत त्यांनी पिढ्या घडवल्या. मी स्वतः खेड्यावर सौभद्रमधली पदं वाजवलीत, सप्ताहाच्या मांडवात, समोर टाळकरी मंडळी बसलेली, त्यांनी नारदाच्या पदाला असा ठेका धरला की आमचा तबलजी हसायला लागला आनंदानं. प्रेक्षक आहे भाऊ. थिएटरात शंभर रुपयाचं तिकीट काढून यायची सवय नाही, ती सवय लावावी लागंल. आम्ही आता प्रयोगाच्या आठ दिवस आधी दोन-तीन देवळांत भजनी मंडळांसमोर पाच-सहा पदं म्हणून येतो, पाया पडून आमंत्रण देतो. मागच्या वेळी खालचा मजला भरला.

स्पष्टच_सांगतो (बीड)

देवळात जाऊन पदं म्हणायचं आम्ही कधी केलं नाही. हे पटलं. बाकी पैशाचं दुखणं आहेच.

विंगेतला (लातूर)

उशिरा वाचला धागा. ताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला कुणीच हात घातला नाही, पडद्यामागचा. मी १८ वर्षं बॅकस्टेज करतोय तर सांगतो.

पहिली गोष्ट, गाता येत नाही म्हणून पडद्यामागं असा प्रकार संगीत नाटकात नसतो. उलट इथं पडद्यामागच्या माणसाला कान लागतो. साध्या नाटकात वाक्य ऐकून हालचाल करायची असते, इथं गाणं ऐकून करायची असते आणि गाणं रोज सारखं नसतं. गाणाऱ्याला एखाद्या दिवशी चांगलं लागलं, प्रेक्षकांनी वन्समोअर दिला, की पद चार मिनिटाचं नऊ मिनिटाचं होतं. मग तुमची सगळी गणितं बदलली. अर्जुन संन्यासी होऊन यायचाय, त्याचे कपडे बदलायला आम्हाला एका पदाएवढा वेळ मिळतो. भगवी छाटी, दाढी गमनं चिकटवायची, गम सुकायला वेळ लागतो, वर त्रिदंड आणि कमंडलू हातात द्यायचा. बाहेरचं पद लवकर आवरलं तर अर्जुन अर्ध्या दाढीनं उभा. म्हणून आमचा एक माणूस फक्त बाहेरच्या गाण्याकडं कान लावून उभा असतो आणि बोटांनी सांगतो, अजून दोन कडवी, अजून एक, आता शेवटची तिहाई (एकच तुकडा तीनदा वाजवून संपवायचं).

प्रॉपर्टीचं टेबल. हे ज्याच्याकडं त्याच्या हातात निम्मं नाटक. आम्ही टेबलावर पांढरा कागद चिकटवतो आणि वस्तू ठेवून तिच्याभोवती पेननं रेघ मारतो. वीणेची रेघ, चिपळ्यांची रेघ, कमंडलूची रेघ. अंधारात हात फिरवला की कळतं काय परत आलं नाही. एकदा नारदाच्या चिपळ्या कुणीतरी कौतुकानं बघायला उचलल्या आणि मेकअप रूममध्ये ठेवल्या. नारद वीणा घेऊन गेला, हातात चिपळ्या नाहीत, त्यानं चुटक्या वाजवत पद म्हणलं. लोकांना कळलं नाही पण मला त्या रात्री जेवण गेलं नाही. तेव्हापासून टेबलाला हात लावायचा तो फक्त एकानं.

प्रॉम्प्टिंग. गद्य सुचवता येतं. पदात माणूस अडकला तर कधी सुचवायचं हे कळायला ते पद तुम्हाला स्वतःला गाता आलं पाहिजे, कारण तो आलापात आहे का विसरलाय हे बाहेरून सारखंच दिसतं. आलापात असताना तुम्ही शब्द फेकला तर घात.

आणि दर्शनी पडदा. मी सुरुवात पडद्याच्या दोरीवरून केली. आमचे दिग्दर्शक म्हणायचे पडदा समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, मिटला पाहिजे. अंकाचं शेवटचं पद, तबल्याची तिहाई, आणि सम पडते त्याच क्षणी दोन्ही पडदे मध्ये येऊन टेकले पाहिजेत. आधी मिटला तर गाणाऱ्याच्या तोंडावर दार लावल्यासारखं वाटतं, उशिरा मिटला तर कलाकार आपला हात वर करून थिजलेला, प्रेक्षक टाळ्या वाजवून थकलेले. मला ताल येत नव्हता. तबलजीनं मला महिनाभर हाताच्या पेरांवर मात्रा मोजायला शिकवलं. आज माझा लेक तबला शिकतोय, त्याची सुरुवात त्या दोरीतून झाली.

म्हणून सांगतो, गायला नाव द्या आणि पडद्यामागंही द्या. हौशी मंडळात दोन्ही चालतं.

योगेश्वरीच्या_गावचा (अंबाजोगाई)

विषय निघालाच आहे तर विचारतो. आम्ही पाच-सहा जण मिळून स्वतःच मंडळ काढायचा विचार करायलोत. परवानग्या काय लागतात? कोणतं नाटक घ्यावं?

विंगेतला (लातूर)

थोडक्यात. जाहीर प्रयोग करायचा तर संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं, थिएटरवाले आणि स्पर्धावाले तेच आधी मागतात. नाटक निवडताना लेखकाचा हक्क बघा. आपल्या कायद्यात लेखक गेल्यानंतर ६० वर्षं हक्क घरच्यांकडं राहतो. किर्लोस्कर १८८५ ला गेले, देवल १९१६, खाडिलकर १९४८, म्हणजे सौभद्र, शारदा, संशयकल्लोळ, मानापमान ही मोकळी आहेत. कट्यार काळजात घुसली १९६७ चं, ते करायचं तर दरव्हेकरांच्या वारसांकडून लेखी घ्या आणि चाली अभिषेकीबुवांच्या आहेत, तेव्हा संगीताचंही वेगळं विचारा. नवीन मंडळाला मी संशयकल्लोळ सांगंन. हसवतं, पात्रं आपल्या ओळखीची वाटतात, गाणारी दोन-तीन माणसं पक्की असली की निघतं. सौभद्रला मूळ संहितेत शंभराच्या वर पदं आहेत, कापून बसवावं लागतं. सांस्कृतिक कार्य संचालनालयाची संगीत नाटकांची वेगळी राज्य स्पर्धा असते, तारखांवर लक्ष ठेवा.

योगेश्वरीच्या_गावचा (अंबाजोगाई)

लै उपकार झाले दादा.

सांजवेळ (परभणी)

गेले! काल जाऊन आले. इथं लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

एका शाळेचा हॉल, ट्यूबलाइट, पंखा घर्रघर्र करणारा, पंधरा-वीस माणसं सतरंजीवर. एक एसटीतले वाहक आहेत ते बलराम, दोन शिक्षक, एक मेडिकलवाला, कॉलेजच्या दोन मुली. दिग्दर्शक सर म्हणले काहीही म्हणा. मी जनाबाईचा अभंग म्हणला. पायपेटी काका, तुम्ही सांगितलं तेच झालं, दुसऱ्या कडव्याला सर म्हणले आता खिडकीपर्यंत चालत जा आणि परत या. आठ दिवस भांडी लावत म्हणला होता ना, पाय आपोआप चालले. परत आले तेव्हा सूर तिथंच होता. मग गद्याचा उतारा वाचायला दिला, तिथं मात्र आवाज थरथरला, डोळ्यासमोरचं अक्षर हलायलं.

सुभद्रेचं काम एका कॉलेजच्या मुलीला आहे आणि तिलाच शोभतं, काय गळा आहे तिचा. मला नांदीच्या (सुरुवातीच्या स्तवनाच्या) कोरसमध्ये घेतलं, एका सखीचं छोटं काम आहे, दोन ओळींचं गाणं आणि सहा वाक्यं, आणि प्रॉपर्टी माझ्याकडं. विंगेतला दादा, तुमचं कागदावर रेघा मारायचं मी तिथं सांगितलं, सगळ्यांनी मान डोलावली. पट्टी पण सांगून टाकली, पांढरी पाच.

घरी बोलले. हे म्हणले जा पण रात्री यायचं कसं. सासूबाई काहीच बोलल्या नाहीत, आणि सकाळी म्हणल्या की रुक्मिणीचं पद त्यांच्या लहानपणी त्यांचे काका म्हणायचे. त्यांनी चार ओळी म्हणून दाखवल्या. सोळा वर्षं झाली मला या घरात, त्यांना गाता येतं हे मला माहीतच नव्हतं.

लातूरची_लेक

ताई वाचून डोळे भरून आले. रात्रीचं सांगते. आमच्याकडं आम्ही आधीच ठरवून घेतलं होतं, बायकांचे प्रवेश आधी घ्यायचे आणि साडेनऊ-पावणेदहाला बायका मोकळ्या. शेवटच्या पंधरा दिवसात पूर्ण तालीम असते तेव्हा एकाच रिक्षावाल्या दादांना महिन्याचं ठरवून दिलं, चौघींना घरोघर सोडायचे. यासाठी कुणाच्या उपकाराखाली राहू नका, पहिल्याच मीटिंगमध्ये मांडा. सांगितलं नाही तर पुरुषांच्या लक्षातच येत नाही, वाईट हेतू नसतो.

सांजवेळ (परभणी)

मांडलं. एसटीवाले काका लगेच म्हणले बरोबर आहे, आपलं चुकलंच. आता सखींचे प्रवेश आधी होतात.

काळी_चार (संभाजीनगर)

पट्टी सांगितलीत म्हणून फार फार बरं वाटलं मला.

पायपेटी (नांदेड)

ताई, उन्हाळ्यात तालीम असंल तर तबलजीची कीव करा. आपल्याकडच्या मेमधल्या कोरड्या उन्हात पुडी (तबल्याचं कातडं) ताणली जाते आणि तबला चढतो. संध्याकाळी पांढरी पाचला लावलेला तबला पत्र्याच्या हॉलमध्ये तासाभरात वर सरकलेला असतो, आणि गाणाऱ्यांना वाटतं आपणच उतरलो. पावसाळ्यात उलटं, ओल धरली की उतरतो. तेव्हा बेसूर वाटलं तर आधी स्वतःला दोष देऊ नका, दोन पदांच्या मध्ये तबलजीला हातोडी मारायला वेळ द्या. आणि थंड पाण्याची बाटली पदाच्या आधी नको. माठाचं पण नको. साधं.

मोंढ्यावरचा (जालना)

प्रयोगाची तारीख सांगा, आम्ही चौघे गाडी करून येतो.

सांजवेळ (परभणी)

तीन महिन्यांनी परत येतेय धाग्यावर. काल प्रयोग झाला. मोंढ्यावरचे दादा खरंच आले होते चौघांना घेऊन, दारावरच्या पोरांना खुर्च्या लावायला मदत करून गेले.

सगळं क्रमानं सांगायला बसले तर रात्र जाईल, म्हणून मला जे विसरता येत नाही तेवढंच लिहिते.

दुपारी चारला थिएटरात गेलो तर आत नुसता शुकशुकाट, रंगाचा आणि धुपाचा वास. रंगभूषाकारांनी माझ्या चेहऱ्याला पॅनकेक लावला तेव्हा स्पंज इतका गार होता की अंगावर शहारा आला. नऊवारी नेसवायला सासूबाई आल्या होत्या, चौघींना त्यांनीच नेसवली, निऱ्या बसवताना तोंडात पिना धरून प्रत्येकीला एकच सांगत होत्या, पोट आत घेऊ नका, गायचंय तुम्हाला. नटराजाची पूजा झाली, नारळ फुटला. तिसरी घंटा झाली आणि नांदीला आम्ही ओळीत उभे, पडदा मिटलेलाच होता, पलीकडं माणसांचा आवाज येत होता समुद्रासारखा, मग एकदम शांत. तेव्हा ऐकू आला मला तो बारीक सूर. ऑर्गनचा. पायपेटी काका, तुम्ही लिहिलेलं तसाच, जेमतेम जागा झालेला. मी तिथूनच षड्ज उचलला.

सखीचं काम झालं बरं, एक वाक्य खाल्लं मी पण गाणं चुकलं नाही.

पण खरी गोष्ट दुसरीच. पडद्याच्या दोरीवर जो मुलगा होता त्याच्या वडलांना दुपारी दवाखान्यात न्यावं लागलं, तो निघून गेला. (वडील आता ठीक आहेत.) दिग्दर्शक सर विंगेत गरगर फिरायले. मी म्हणलं प्रॉपर्टी लेकीकडं देते, तिला तालमीत सगळं पाठ झालंय, दोरीवर मी राहते. मला भजनामुळं ठेका कळतो आणि विंगेतला दादांचं लिहिलेलं मी इतक्यांदा वाचलं होतं की ती सम डोक्यात बसलेली. पहिल्या अंकाला मी उशीर केला. सम पडून गेली आणि पडदा अजून हातभर उघडा, अर्जुन तसाच उभा. फार वाईट वाटलं. दोरी खरखरीत असते, तळव्याला वळ उठले होते. दुसऱ्या अंकाच्या आधी मी तबलजींकडं गेले, विचारलं शेवटचं पद कशात आहे, ते म्हणले केरवा, मी बोट वर करतो तेव्हा सोडा. मी म्हणलं बोट दिसणार नाही मला तिथून, किती आवर्तनं (तालाचे फेरे) आधी ते सांगा. ते म्हणले दोन. मी दोन धरली. पडदा मिटला आणि समेचा धा त्याच क्षणाला पडला, पडद्याच्या दोन कडा एकमेकींना लागल्या तेव्हा त्यांचा जो थप्प आवाज येतो ना, तो आणि धा एकच झाला. पलीकडून टाळ्या आल्या त्या सुभद्रेसाठी होत्या. मी दोरीला कपाळ टेकून उभी राहिले.

विंगेतला दादा, एकच विचारायचंय. तिसऱ्या अंकाला त्रिताल होता, तिथं परत माझा थोडा उशीर झाला. पुढचा प्रयोग गंगाखेडला ठरायलाय आणि आई येणार आहे. त्रितालात किती आधी सोडू?

विंगेतला (लातूर)

ताई, आधी अभिनंदन. केरव्यात पहिल्या दिवशी समेवर मिटवला, मला सहा महिने लागले होते.

त्रितालाचं असं. आधी गंगाखेडला गेल्या गेल्या रिकाम्या थिएटरात पडदा दोनदा ओढून बघा आणि मिटायला किती वेळ लागतो ते मोबाइलच्या घड्याळावर मोजा, प्रत्येक ठिकाणचा पडदा वेगळा, कुठं दोरी जड, कुठं चाक अडकतं. समजा चार सेकंद लागले. मध्य लयीतलं त्रितालाचं आवर्तन साधारण आठ सेकंदाचं, म्हणजे निम्मं आवर्तन तुम्हाला पाहिजे. मग शेवटच्या आवर्तनात 'खाली' (टाळी न देता हात सोडायची तालातली जागा) येते तिथं, नवव्या मात्रेला, हात हलवायचा. खालीला डग्गा गप्प होतो, नुसता तबला वाजतो, ते विंगेतून पण स्वच्छ ऐकू येतं, मोजायची सुद्धा गरज नाही. लय चढलेली असंल तर त्याच्या आधीच्या समेलाच ओढायला घ्या. आणि तळव्याला जुन्या धोतराची पट्टी गुंडाळा, हातमोजे घालू नका, दोरी सरकते.